तिसरी दुमड

डोळ्यांच्या दवाखान्यात आमच्या ह्यांच्या डोळ्यांत थेंब घालून त्यांना माझ्या शेजारी बसवून ठेवलं होतं, आणि बोलावणं येईपर्यंत डोळे उघडायचे नाहीत अशी त्यांना ताकीद होती. आयुष्यात पहिल्यांदाच ते कुणाचं तरी ऐकत होते. समोर सफाईवाली बाई काचेचं दार पुसत होती. वरून खाली, वरून खाली. मी तिच्याकडे बघत नव्हते, दाराकडेही बघत नव्हते. दवाखान्यात आपण कशाकडेच बघत नाही तसं बघत होते. तेवढ्यात तिनं फडकं झटकून काचेवर पसरलं, त्याची उलटी बाजू वर आली, आणि मला माझे टाके दिसले. 

माझे टाके मी कुठंही ओळखते. ह्यात कौतुक काही नाही. माझा पहिला टाका एका दिशेला जातो, दुसरा त्याला शोधायला निघतो आणि तिसरा दोघांवर रुसून वर चढतो. लग्नानंतर ह्यांच्या शर्टाचं बटण मी पहिल्यांदा लावलं ते अंगातल्या अंगात, घाईघाईत, आणि ते शर्टासकट बनियनला शिवलं गेलं. हे तसेच ऑफिसला गेले आणि संध्याकाळी आल्यावर म्हणाले, आज दिवसभर छातीशी कुणीतरी धरून ठेवल्यासारखं वाटत होतं. तर असे माझे टाके, दुहेरी हिरव्या दोऱ्याचे, जाड हिरव्या कापडावर, इथं ह्या काचेवर. त्या फडक्याला खाली दोन फिक्या रेघा होत्या, म्हणजे दोन दुमडी उसवलेल्या. आणि दोन अजून आत, बंद.

मी उठले. "बाई, हे फडकं कुठून आणलंत?"

तिनं डोक्यावरची टोपी खाली ओढली. तोंडावर मास्क होताच. "कंपनीचं आहे."

"कुठल्या कंपनीचं?"

"सफाईच्या. का? काच नीट नाही झाली का?"

"काच छान झालीय. मला जरा ते फडकं बघायचंय."

"ओलं आहे ते."

"असू दे."

डोळ्यांच्या दवाखान्यात आलेल्या माणसाकडे बघतात तसं तिनं माझ्याकडे बघितलं. "पेशंट तुम्ही का ते?"

"ते."

"मग फडकं त्यांना दाखवायचंय?"

मी हो म्हणाले. का म्हणाले मलाच ठाऊक नाही. तिच्या हातातून ते घेतलं, तिनं सोडायला जरा वेळ लावला, आणि मी येऊन ह्यांच्या मांडीवर ठेवलं.

"अगं! काय ओलं ठेवलंस हे? कुत्रं आहे का?"

"हात फिरवा. डोळे उघडू नका. नुसता हात फिरवा."

ह्यांनी बोटं फिरवली, एकदा इकडून, एकदा तिकडून, आणि एका गाठीपाशी थांबले. "हे तू शिवलंयस."

"कशावरून?"

"इतकी वर्षं तू शिवलेले पायमोजे घालतोय. ही गाठ मला अंगठ्यानं कळते. हाताला आज पहिल्यांदा लागली."

झालं. पुरावा पक्का झाला. कोर्टात चालला असता. आणि कोर्ट म्हटल्यावर मला जिची आठवण येऊ नये म्हणून मी गेलं वर्षभर निरनिराळ्या खटपटी करत होते ती पोरगी आठवणीतून थेट येऊन समोरच्या रिकाम्या खुर्चीत बसली, पाय हलवत.

आमची मुलगी लग्न होऊन समुद्रापलीकडे गेली तेव्हा आमच्या घरात दुपार नावाची एक वस्तू उरली. ती कुठं ठेवावी कळेना. कपाटात मावत नव्हती, झोपेत मावत नव्हती. मुलगी फोन करायची तेव्हा तिच्याकडे रात्र असायची आणि ती जांभई देत म्हणायची, आई, तू काहीतरी कर बाई. म्हणून मी संस्थेत गेले. गरिबाघरची पोरं प्राथमिक शाळा सोडतात, ती सोडू नयेत म्हणून काढलेली संस्था. पोरं शाळा का सोडतात ह्याचा अध्यक्षांनी पुष्कळ अभ्यास केला होता, आणि त्यातून असं निघालं होतं की पोरं वाढतात म्हणून सोडतात. गणवेश आखूड होतो, पोर लाजतं, घरी बसतं ते बसतंच. आता पोरांचं वाढणं तर थांबवता येत नाही. मग गणवेशच वाढता करायचा. पहिलीत एकदाच द्यायचा, आत चार दुमडी घालून, आणि वर चढताना दरवर्षी एक दुमड उसवायची. पोर आणि गणवेश बरोबरीनं पाचवीत पोचतात. हसू येतं, पण पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. कल्पना वाईट नव्हतीच. कल्पना चांगलीच होती, फक्त ती अध्यक्षांना सुचली होती.

कापड मिळालं एका बंद पडलेल्या नाट्यगृहाच्या पडद्याचं. गाठोडीच्या गाठोडी. हिरवंगार, जाड, कधीही न फाटणारं. पिढ्यान्‌पिढ्यांच्या टाळ्या खाऊन सुस्त झालेलं. त्याच्या चार दुमडी आत घातल्यावर पहिलीच्या पोरींचे स्कर्ट घंटेसारखे ताठ उभे राहायचे. पोरगी खाली बसली तरी स्कर्ट बसायचा नाही, तो आपला विचार करत थोडा वेळ उभाच. पोरांच्या पँटींच्या पायाशी इतका ऐवज जमायचा की ती पाणबुड्यांसारखी पावलं टाकत वर्गात शिरायची. ह्या योजनेला बक्षीस मिळालं. बक्षिसाच्या दिवशी शाळेच्या स्टेजवर सगळ्या पोरांना उभं करून फोटो काढला, आणि फोटो धुऊन आल्यावर लक्षात आलं की स्टेजचा पडदाही आम्ही त्याच कापडाचा लावलाय. फोटोत नुसती डोकी आणि हात. हवेत तरंगणारी, हसणारी. मधोमध अध्यक्ष, एकटे अख्खे. तो फोटो अजून ऑफिसात आहे. मी कधी कधी त्या पोरीच्या डोक्यासाठी त्याच्यासमोर जाऊन उभी राहायचे. उजवीकडून दुसरं डोकं, तोंड उघडं, म्हणजे फोटोग्राफरशी भांडत असणार.

माझी शिलाई पाहून अध्यक्ष म्हणाले होते, तुम्हाला आपण आतल्या बाजूचं काम देऊ. म्हणून दुमडी माझ्याकडे आल्या. शाळेच्याच मागच्या खोलीत बसायचे. एक खिडकी, एक टेबल, आणि माप घ्यायला एक स्टूल. त्या स्टुलावर ती पहिल्यांदा चढली तेव्हा सहा वर्षांची असेल, आणि चढल्या चढल्या तिनं उलटतपासणी सुरू केली.

"हे इतकं कापड आत का लपवलंय?"

"तू मोठी झालीस की बाहेर काढायचं."

"आणि मी मोठी झालेच नाही तर?"

"होशील गं."

"कोण म्हणालं?"

"सगळेच होतात."

"आमच्या शेजारचे काका नाही झाले. त्यांची आई म्हणते अजून लहानच आहे."

त्या दिवसापासून ती वकील. तिला ते नाव आवडलं. शाळा सुटल्यावर काहीतरी निमित्त काढून खोलीत यायची, स्टुलावर बसायची, माझे टाके तपासायची. "काकू, हा बघा, हा टाका पळून चाललाय. धरा त्याला." माझ्या सुईत दोरा तीच ओवायची, कारण मला भोक दिसत नसे. दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं करून, एक डोळा मिटून, श्वास धरून. त्या वेळी तेवढी ती गप्प असायची. तिच्या केसांना खडूचा आणि उन्हाचा वास यायचा आणि माझ्या हातात सुई देताना तिची बोटं नेहमी थंड असायची, खाली हापशावर पाणी पिऊन आलेली. जाताना माझ्याजवळ उभी राहून तळहातानं आपलं डोकं माझ्या अंगावर कुठं येतं ते मोजायची. पहिल्या वर्षी कमरेच्या पट्ट्याशी. मग कोपराशी. मी हात तसाच धरून ठेवायचे, ती खालून निघून गेली तरी.

आमच्या मुलीच्या उंचीच्या खुणा स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर होत्या. पेन्सिलीच्या रेघा, शेजारी तारखा. मुलगी गेली आणि ह्यांनी मला खूश करायला म्हणून सगळं घर रंगवून घेतलं. मी बाजारातून आले तर चौकट पांढरीशुभ्र. हे ब्रशवाल्याच्या शेजारी कमरेवर हात ठेवून उभे, कसं वाटतं म्हणून. मी म्हटलं छान वाटतं. अजूनही रंग वाळलाय की नाही बघते आहे असं दाखवून मी कधी कधी त्या चौकटीवरून बोट फिरवते. खाली काही लागत नाही. मुलीनं तर शाळेत असतानाच सांगून टाकलं होतं, आई, तू माझं काही शिवू नकोस, मैत्रिणी विचारतात कुणी शिवलं म्हणून. त्यामुळे माझ्या सुईची गरज असलेलं माणूस म्हणाल तर हे, आणि ते तरी अंगठ्यानं कुरकुर करत. आणि मग ती, स्टुलावर.

दुमडी उसवायचा समारंभ असायचा. हीसुद्धा अध्यक्षांचीच कल्पना. वर्षाच्या शेवटी, निकालाच्या दिवशी, स्टेजवर एक लाकडी जिराफ उभा करायचे, त्याच्या मानेवर खुणा रंगवलेल्या. पोर जिराफाला टेकून उभं राहायचं, डोकं खुणेला लागलं की प्रमुख पाहुणे रिबीन बांधलेल्या कात्रीनं दुमडीचा दोरा कापायचे, टाळ्या, आणि पोर पलीकडच्या पायऱ्यांनी उतरून मैदानात खडूनं आखलेल्या पुढच्या वर्गाच्या चौकोनात जाऊन उभं राहायचं. दोन समारंभ कशाला म्हणून शाळेनंही निकाल वेगळा सांगायचं सोडलं होतं. पाहुण्यांना वेळ नसतो. पहिल्या वर्षी माझे टाके पाहुण्यांच्या कात्रीला दाद देईनात. पाहुण्यांनी ओढलं, पोरगी फिरली, पाहुणे तिच्याभोवती फिरले, माइक पडला. तेव्हापासून मला पडद्यामागे बसवलं जाई. समारंभाआधी एकेकाचे टाके मी आतून मोकळे करून ठेवायचे, फक्त एक दोरा शिल्लक, म्हणजे पाहुण्यांनी नुसतं बोट लावलं तरी दुमड धप्पकन खाली. बाहेरचं मला काही दिसायचं नाही. नुसतं ऐकू यायचं. टाळ्या, टाळ्या, टाळ्या. आणि मध्येच कधीतरी अध्यक्षांचा माइकवरचा आवाज, प्रेमळ, मोठा: "पुढच्या वर्षी!" आणि हशा. ज्यांचं डोकं खुणेला लागलं नाही त्यांच्यासाठी.

गेल्या वर्षी ती समारंभाआधी माझ्याकडे आली ती वाळून आलेली. तापानं बरेच दिवस घरी होती, मग तिची आई आजारी होती. मी तिची तिसरी दुमड मोकळी करायला घेतली तर म्हणाली, "राहू द्या काकू. लागणार नाही डोकं." मी म्हटलं, "लागेल. टाचा थोड्या उचल." ती म्हणाली, "ती खोटी साक्ष होते." आणि गेली. नंतर पडद्यामागे मी दुसऱ्या पोरांच्या पँटींत मान घालून बसले होते, आणि टाळ्या झाल्या, टाळ्या झाल्या, मग "पुढच्या वर्षी!" झालं, हशा झाला, मग परत टाळ्या.

शाळा पुन्हा उघडली आणि ती आली नाही. मी स्टूल खिडकीजवळ हलवून ठेवलं. मग परत टेबलाजवळ ठेवलं. सुईत दोरा ओवायला मला अर्धी सकाळ लागायला लागली. अध्यक्षांना विचारलं, तर ते म्हणाले, "तिचा गणवेश परत आलाय का? नाही ना? मग आमच्या दृष्टीनं ती शाळेतच आहे." त्यांच्या दृष्टीनं. शाळेत विचारलं तर म्हणाले चौथीच्या पटावर नाव आहे तिचं, पण घर बदललंय, दुसऱ्या शाळेत गेली असेल. मी गेटजवळ उभी राहून बघायचे, पण सगळीकडे तोच हिरवा रंग, तीच घंटा, घंटांचा कळप, आणि मध्येच एखादं उघडं तोंड तिच्यासारखं, जवळ आलं की दुसऱ्याच कुणाचं. रस्त्यात लहान मुलीला कुणाशी वाद घालताना ऐकलं की मी थांबायचे. भाजीवाल्याशी, कंडक्टरशी. एकदा एका मुलीच्या मागं पार चौकापर्यंत गेले, तिची आई वळून म्हणाली, काय हवंय? मी म्हटलं, वेळ काय झाला?

"काकू."

मी वर बघितलं. सफाईवाली बाई बादली घेऊन माझ्यासमोर उभी होती. तिनं मास्क हनुवटीखाली ओढला.

"तुम्ही ओळखलं नाहीत. मी आत आल्या आल्याच ओळखलं तुम्हाला. वकिलाची आई मी."

तिला मी बघितलं होतं ते नेहमी खोलीच्या दारात, कामावर जायच्या घाईत, अर्धी आत अर्धी बाहेर.

"खोटं बोलले मघाशी," ती म्हणाली. "कंपनीचं नाही ते, तिचा स्कर्ट आहे. संस्थेचं आहे, परत द्यायला हवं होतं, माहितीये मला. तिनं टाकून दिलं होतं. मला टाकवेना. कापड चांगलं आहे, काचेवर डाग राहत नाही. परत नेणार का?"

"ती कुठंय?"

"घरी. लहान्याला सांभाळते."

"कुठल्या शाळेत घातलंत?"

"कुठल्या म्हणजे?" तिनं बादली खाली ठेवली. "तुम्हीच नाही का नापास केलं तिला?"

"आम्ही?"

"स्टेजवर. सगळ्यांच्या दुमडी उसवल्या, त्या पोरी चौथीच्या चौकोनात गेल्या. हिची उसवली नाही. आली त्याच पायऱ्यांनी खाली उतरवलं आणि तिसरीच्या चौकोनात उभी केली, त्या बारक्या पोरांत. घरी येऊन म्हणाली, नापास झाले. मी म्हटलं, बस परत तिसरीत, काय बिघडलं? तर म्हणाली, अभ्यास असता तर पाठ केला असता. उंची कशी पाठ करू?"

"कोण गं?" हे म्हणाले, डोळे मिटूनच.

"थांबा हो."

"आता रोज दाराच्या चौकटीला लोंबकळते," तिची आई म्हणाली. "उंची वाढली की जाईन म्हणते. चौकट सैल झालीय, घरमालक येऊन ओरडून गेला. तिनं त्यालाच विचारलं, कुठं लिहिलंय लोंबकळू नये म्हणून?"

म्हणजे ते 'पुढच्या वर्षी' तिचं होतं. तो हशा तिच्यावरचा होता. पोरांनी शाळेत टिकावं म्हणून आम्ही जिराफ उभा केला, पडदा फाडला, पाहुणे आणले, आणि जी पोरगी शाळा सुटल्यावरही शाळेतून हलायला तयार नसायची तिला सगळ्यांनी मिळून, टाळ्या वाजवत, घरी पोचवली. आणि पडद्याच्या ह्या बाजूला मला फक्त आवाज आला. मी त्या ओल्या फडक्यावरून हात फिरवला. ते फिनाइलनं पांढरट पडलं होतं, मध्ये दोन भोकं होती. तिसऱ्या दुमडीचा दोरा जसाच्या तसा. माझा आयुष्यातला सगळ्यात टिकाऊ टाका.

मी तो तिथंच उसवायला घेतला. नखानं निघेना. दातांनी धरला, तोंडात फिनाइलची चव आली. "अहो, हे टोक धरा." ह्यांनी धरलं. "ओढा." ते म्हणाले, "काय ओढतोय तेवढं तरी कळू दे." तिच्या आईनं दुसरं टोक धरलं. माझे टाके ओले झाल्यावर आणखीच हट्टाला पेटले होते. तिघं तीन बाजूंनी ओढतोय, मधल्या फडक्यातून पाणी ह्यांच्या पँटवर गळतंय, रांगेतले पेशंट मिटल्या डोळ्यांनी आवाजाच्या दिशेनं माना वळवताहेत. आतून नर्स ओरडली, "आजोबा, डोळे बंद!" "बंदच आहेत!" हे ओरडले आणि त्या जोरात त्यांनी असा हिसका दिला की चर्रर्र करून दुमड सुटली.

आतलं कापड कोरं होतं. बाकी सगळं फिकं, घासलेलं, विटलेलं, आणि मध्ये हा हिरवागार पट्टा, ज्यानं ऊन बघितलं नाही, पाणी बघितलं नाही, नाट्यगृहातला तो जुना पावडरचा वास अजून धरून बसलेला. मी नाक लावलं. एक वर्ष जास्तच इथं आत बसून होतं.

"आता उसवून काय उपयोग?" तिची आई म्हणाली.

"ती पास होती. तेव्हाच पास होती. दुमडीचा आणि वर्गाचा काही संबंध नाही."

तिनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "हे तिला तुम्ही सांगा. मी तिच्यापुढं हरते."

तिचं काम सुटल्यावर आम्ही गेलो. ह्यांना काळा चष्मा दिलेला, बाहुल्या अजून ताटलीएवढ्या, उजेड सोसेना. एका हाताला ते, दुसऱ्या हातात पिशवीत पिळून घेतलेला स्कर्ट. पुलापलीकडची गल्ली, पायऱ्या, एक खोली. दाराच्या चौकटीला वरच्या बाजूला दोन ठिकाणी लाकूड गुळगुळीत झालेलं, बोटांच्या घामानं काळं. मी तिथं हात लावला. आणि खाली, उजव्या अंगाला, खिळ्यानं ओढलेल्या रेघा. एकावर एक, इतक्या जवळजवळ की एकच जाड रेघ वाटावी.

ती आत धाकट्या भावाला थोपटत बसली होती. वाढली होती, पण थोडी. मला पाहून उठली नाही.

"काकू, तुम्ही म्हाताऱ्या झालात."

"हो."

"हे आंधळे झाले?"

"संध्याकाळपर्यंतच," हे म्हणाले. "तू वकील का? तुझ्याबद्दल घरात फार ऐकलंय. माझी पण एक केस होती, घर रंगवल्याची."

"हरणार तुम्ही," ती म्हणाली. तिला कशाची केस ते ठाऊकही नव्हतं. हे मान हलवून म्हणाले, "हरलोच."

मी स्कर्ट काढून तिच्यापुढं धरला. तिनं हिरव्या पट्ट्याकडे बघितलं.

"कोणी उसवलं?"

"आम्ही. तू चौथीत आहेस. तू पास होतीस."

"पण मी तर खुणेला लागले नव्हते."

"त्याचा पास होण्याशी संबंध नाही."

"शाळेत अभ्यासानं पास होतात का उंचीनं?"

"अभ्यासानं."

"मग तुम्ही सगळे स्टेजवर काय मोजत होता?"

भाऊ झोपेत काहीतरी चघळत होता. तिची आई दारात उभी, नेहमीसारखी अर्धी आत अर्धी बाहेर. हे बिचारे काळ्या चष्म्यातून भिंतीकडे बघत होते. मी म्हटलं, "आमची अक्कल मोजत होतो. खुणेला लागली नाही."

ती हसली नाही. पण तिनं स्कर्ट माझ्या हातातून घेतला, उभी राहिली, कमरेला लावला. तिसऱ्या दुमडीचं सगळं कापड खाली घोट्यांवर लोळायला लागलं.

"मला इतका लांब नको," ती म्हणाली. "ही परत घाला."

"परत?"

"मी जेवढी आहे तेवढा करा."

म्हणून जी दुमड उसवायला तीन माणसं लागली होती ती मी तिच्या खोलीत जमिनीवर बसून परत घातली. सुई माझ्या पर्समध्ये असतेच. तिनं न सांगता दोऱ्याचं टोक जिभेला लावलं, एक डोळा मिटला, श्वास धरला. सुई देताना तिची बोटं थंड होती. मी ह्या वेळी मुद्दाम मोठे, सैल टाके घातले, कधीही, कुणीही, एका बोटानं ओढलं तरी सुटतील असे. ती शेजारी बसून बघत होती. "वाकडे आहेत," ती म्हणाली. मी म्हटलं, "आहेत." भोकांवर मी आतून ठिगळं लावली. मग मी विचारलं, "उद्या येशील?"

"विचार करून सांगते."

"कधी सांगशील?"

"उद्या."

सकाळी मी शाळेच्या गेटबाहेर जाऊन उभी राहिले. हे येतो म्हणत होते, त्यांना आता सगळं नको इतकं लख्ख दिसत होतं, पण मी एकटीच गेले. पोरं येत होती. घंटा, घंटा, पाणबुडे, घंटा. कुणी रडत, कुणी ढकलत. मला एवढं ठाऊक होतं की तिचा स्कर्ट आता ओळखू येईल, फिनाइलनं पांढरट झालेला एकच आहे सगळ्या शाळेत. तरी मी प्रत्येकीच्या तोंडाकडेच बघत होते. गर्दी विरळ झाली. मग एकेक. मग पळत येणारा एक, एका पायात बूट आणि दुसरा हातात. मग कोणीच नाही. मैदानात ओळी लागल्या, आवाज बसला. मला एकदम आमच्या मुलीचा पहिला दिवस आठवला. मी गेटाबाहेर रडत होते आणि ती आतून म्हणाली होती, आई, तू जा ना आता, सगळे बघतायत. गेटवाला गेटाच्या एका बाजूची कडी घालत म्हणाला, "कुणाची वाट बघताय? आता येणारे येऊन गेले."

"एक यायचीय."

"नेहमी उशीर करते?"

"ती आल्याशिवाय सुरू होत नाही."

त्याला ते कळलं नाही, आणि तो दुसऱ्या बाजूकडे वळला. तेव्हा गल्लीच्या वळणावर पांढरट हिरवं काहीतरी दिसलं. ती पळत नव्हती. चालत होती, दप्तर एका खांद्यावर, रस्त्याच्या मधोमध. पाठीमागं तिची आई धाकट्याला कडेवर घेऊन, कामाची टोपी घालून, घाईत. ती माझ्यासमोरून गेली. गुडघ्यांखाली माझे टाके एकमेकांना शोधत पळत होते. तिनं माझ्याकडे बघितलं, बघितलं म्हणजे हजर आहे का एवढंच तपासलं, आणि गेटवाल्याला विचारलं, "चौथीचा वर्ग कुठला?"

"डाव्या हाताला, शेवटचा."

ती गेली. मागं वळली नाही. माझा हात नकळत वर आला, तळवा आडवा, तिचं डोकं माझ्याशेजारून जाताना जिथं आलं असतं तिथं, कोपराच्या जरासा वर. तिथंच तो राहिला. मैदान संपलं, व्हरांडा आला, हिरवा ठिपका आत शिरला, तरी मला तो खाली घेववेना. गेटवाल्याला वाटलं मी त्यालाच थांब म्हणते आहे. त्यानं माझ्याकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं, आणि गेट तसंच उघडं ठेवलं.